कॅपला आलेलं लेकरू

मे महिन्यातली गोष्ट. विद्यापीठाचे पेपर तपासायला कॅप सेंटरवर, म्हणजे मूल्यांकन केंद्रावर गेले होते. आमच्याकडं मे म्हणजे सकाळी नऊलाच चटका बसायला लागतो आणि अकरा वाजेपर्यंत रस्ते ओस पडतात. गेटमधून आत शिरले तर पार्किंगच्या बाजूला जो मोठा लिंब आहे त्याच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आणि शेजारी पोतं टाकून एक म्हातारी बसलेली, एका हातानं झोळीची दोरी ओढतेय, दुसऱ्या हातानं माशा वारतेय. मागं नव्या इमारतीचं काम चालू होतं म्हणून मला वाटलं बांधकामावरची कुणी असेल. आत गेले, सही केली, गठ्ठा घेतला आणि कूलरपासून लांबची का होईना एक खुर्ची मिळाली तिथं बसले. माझ्या समोरच्या बाकावर एक तरुण मॅडम होत्या, सारख्या पेन ठेवून उठायच्या, घाईनं बाहेर जायच्या आणि पदर नीट करत परत यायच्या, मग पुन्हा मान खाली घालून भराभर उत्तरं वाचायला लागायच्या. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्या उठल्या तेव्हा टेबलावरचे सर म्हणाले, "मॅडम, तुमचे पेपर मागं पडायलेत बरं का. एवढंच होतं तर यायचंच कशाला, घरी लेकरू सांभाळायचं ना."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते हो. उलट थोड्या वेळानं त्यांनीच शिपायाला सांगून बाहेर म्हातारीकडं माठातलं पाणी पाठवलं. त्यांच्या बोलण्यात काळजीच होती आणि म्हणूनच ते जास्त लागलं, कारण काळजीच्या सुरात बोललेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही. त्या मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या "हो सर" म्हणाल्या आणि गेल्या. आणि यायचंच कशाला याचं उत्तर त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाई तासिकेवर आहे, म्हणजे कायम नाही, जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. एप्रिलमध्ये तास संपले की पैसे संपले, नव्या सत्राची ऑर्डर कधी निघेल तेव्हा निघेल, मागच्या सत्राचं बिल अजून कुठल्या टेबलावर आहे ते कुणी सांगत नाही. अशा उन्हाळ्यात पेपरमागं जे चार पैसे सुटतात तेच हातात येणारे. आणि दुसरं म्हणजे कॅपला आली नाही तर "मॅडम काम टाळतात" हे जुलैच्या मुलाखतीच्या आधी कॉलेजात पोचलेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी म्हातारीजवळ जाऊन बसले. म्हातारी म्हणजे वय फार नसेल, साठीच्या आतलीच असेल, पण हाताचे तळवे बघितले तर भेगा अशा की त्यात काळं मुरलेलं. लेकरू जागं होतं, सात-आठ महिन्यांची पोरगी, कपाळावर काजळाचा मोठा टिळा, घामानं केस चिकटलेले. मी विचारलं, सून का लेक? "लेक हाय माजी. पीएचडी झाली की," असं म्हणताना तिनं मान एवढी वर केली की मलाच बरं वाटलं. मग सांगत बसली. बीड जिल्ह्यातली. नवरा-बायको कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, दसरा-दिवाळी झाली की गाडी भरायची ती पाडव्यालाच परत. "हिला बी अशीच बांधली व्हती, फडात. बाभळीला. पाचटात इच्चू-काट्याचं भ्या, मग वरच बांधावं लागायचं. मी मोळ्या वाहायची आन येता-जाता पाजून जायची." मग झोळीला एक हिसका देऊन म्हणाली, "हिचा तास बुडला की पैसे कापतेत म्हनं. आमच्यात खाडा म्हनतेत त्याला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त सांगत होती.

मी अर्थशास्त्र शिकवते. पिढी बदलली की कुटुंब कसं वर येतं हे फळ्यावर आकृत्या काढून पोरांना सांगते. आणि ते खरंही आहे, मराठवाड्यात तर फारच खरं आहे. निजामाच्या राज्यात आपल्या भागातल्या पोरांना पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागायचं, १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ मध्ये विद्यापीठ आलं, आणि मग कुठं खेड्यापाड्यातल्या घरांमध्ये पहिला बीए, पहिला एमए झाला. मुलींची पाळी त्यानंतर बऱ्याच उशिरा आली. फडात बाभळीला बांधलेली एक पोरगी आज डॉक्टरेट घेऊन विद्यापीठाचे पेपर तपासतेय ही केवढी मोठी उडी आहे, ती उडी मारताना कुणी हॉस्टेलच्या मेसचे पैसे चुकवले असतील, कुणी भावाशी भांडून पुस्तकं आणली असतील, आणि तिची आई आगाऊ घेतलेली उचल फिटेना म्हणून आणखी एक सीझन गेली असेल. एवढं सगळं करून हाती काय आलं तर झोळी तशीच आणि मजुरी कामावर उभं राहिलं तरच. मला त्या दुपारी खरंच जेवण गेलं नाही.

माझं वेगळं होतं. मी कायम होते. लेकरू झालं तेव्हा मला हक्काची पगारी रजा मिळाली, कुणापुढं हात जोडावे लागले नाहीत. तरी रजा संपल्यावरचे पहिले महिने आठवले की अंगावर काटा येतो. मी परभणीहून रेल्वेलाइनवरच्या एका तालुक्याच्या गावी अप-डाऊन करायची. मराठवाडा एक्सप्रेसला तेव्हा हायकोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, बँकवाले, मास्तर लोक, सगळे कोंबलेले असायचे. तीन तास झाले की छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज ओला, वरून पदर दोनदा पिन केलेला, आणि समोर पन्नास पोरं मागणीचा नियम लिहून घेतायत. कॉलेजात बायकांसाठी एकच बाथरूम, त्याची किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई कधी पोस्टात तर कधी चहाला. किल्ली मागायला लागायची ती पण सगळ्या स्टाफरूमसमोर. तिथं उभं राहून दूध पिळून टाकताना मला रडू यायचं, अंगाला लागतंय म्हणून नाही, घरी लेकरू वरच्या दुधाला तोंड लावत नाही आणि इथं हे मोरीत चाललंय म्हणून.

पाणी हा तर आणखी वेगळाच विषय आहे आणि त्यावर आपल्याकडं कुणी बोलत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, देशभर फोटो छापून आले. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात कितीतरी ठिकाणी पहिल्यांदा कुलूप लागलं ते संडास-बाथरूमला, पाणीच नाही म्हटल्यावर कोण काय करणार. पुरुष सर लोक मागच्या बोळात जाऊन यायचे. आम्ही बायका सकाळी घरून निघताना पाणी न पिता निघायचो आणि संध्याकाळी घरी येऊन प्यायचो. माझ्या बरोबरीच्या किमान दोघींना त्या काळात लघवीच्या इन्फेक्शननं धरलं ते अजून सुटलेलं नाही. दुष्काळाच्या पाहणीत विहिरी मोजतात, जनावरं मोजतात. हे कुणी मोजलं नाही.

मोजण्यावरून आठवलं. दरवर्षी मी टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे देते. २०२४ च्या सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. २०१९ मध्ये हेच २९९ आणि ९७ होतं. म्हणजे बाईचे दहा मिनिटं कमी झाले तर पुरुषाचेही नऊ झाले. फळ्यावर आकडे लिहिले की मुलं एकमेकांकडं बघून हसतात, मुली हसत नाहीत, त्या वहीत उतरवून घेतात. मग मी सांगते की नीट वाचा, ही सरासरी जे घरकाम करतात त्यांचीच आहे, जो पुरुष घरात काडीला हात लावत नाही तो या ८८ मध्ये धरलेलाच नाही. तेव्हा वर्ग जरा शांत होतो. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, तुमचे किती मिनिटं?" मी खरं ते सांगितलं. पाचला उठते, डबे दोन, भाजी-पोळी, सासूबाईंचं औषध-पाणी, संध्याकाळी पुन्हा तेच. प्राध्यापक आहे म्हणून माझ्या घरचं पीठ काही वेगळ्यानं मळलं जात नाही.

आणि याचा हिशोब पुढं प्रमोशनमध्ये येतो. आमच्या वेळेला प्रमोशनला लागणारा ओरिएंटेशन कोर्स चार आठवड्यांचा, तिथं जाऊन राहायचं. माझ्याबरोबर लागलेले सर बॅग भरून गेले आणि करून आले, त्यांचं लेकरू पण माझ्याच लेकराच्या वयाचं होतं. मला जायला लेक शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं. मग रिफ्रेशर, त्याचं पण तसंच. मग पीएचडी. रात्री अकरानंतर ओट्यावरची भांडी पुसून झाली की मी टेबलावर बसायची, आकडेवारीचे तक्ते समोर आणि डोळे मिटतायत. तक्रार करत नाहीये, झालं सगळं, थोडं उशिरा झालं एवढंच. पण ज्येष्ठता यादीत तो उशीर कायमचा बसला. पुढं व्हाइस प्रिन्सिपल करायची वेळ आली तेव्हा यादी काढली आणि म्हणाले, नियमानं सर ज्येष्ठ आहेत. नियमानं होतेच. आता कोर्स ऑनलाइन करता येतात याचा मला मनापासून आनंद आहे, नव्या पोरींचं निदान ते एक तरी वाचलं. पीएचडीच्या नियमातही यूजीसीनं बाईला दोन वर्षं जादा दिलीत, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा दिलीय. चांगलंच आहे. पण ही सवलत वापरताना गाइडपुढं उभं राहून सांगावं लागतं, आणि मी पाहिलंय की पोरी सांगतच नाहीत, पोट दिसायला लागेपर्यंत लपवतात, "आता ह्या कशाच्या थिसिस पुरा करतात" हे ऐकायची भीती असते.

जागेच्या पैशाबद्दल, म्हणजे कायम नोकरी लागायला जे द्यावे लागतात त्याबद्दल, लिहायचं का नाही यावर मी बराच विचार केला. पण मराठवाड्यात राहून ते टाळलं तर हा लेख खोटा होईल. जाहिरात निघाली की नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, पास झालेल्या पोरांच्या घरी पहिला प्रश्न विषयाचा नसतो, किती चालू आहेत याचा असतो, आणि आकडे लाखांमध्ये कुजबुजले जातात. पोरगा असेल तर बाप रानाचा तुकडा काढायला तयार होतो. कर्ज होईल, फिटेल, पोरगं आपलंच आहे. पोरीच्या बाबतीत तोच बाप, ज्यानं तिला हौसेनं शिकवलं, तिच्या सेटच्या निकालाला पेढे वाटले, तोच गप्प होतो. लग्नात द्यायचे का नोकरीला द्यायचे? दोन्ही जमणार नाही. मग लग्नात देतो, आणि म्हणतो की नोकरीचं सासरचे बघतील. सासरचे म्हणतात, शिकवलं तुम्ही, लावायचं पण तुम्हीच. या दोन घरांच्या मध्ये पोरगी तासिकेवर अडकून पडते. मी अशा पोरी नावानिशी ओळखते, माझ्याच वर्गातून गेलेल्या. हुशारीत कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. एकीला तर भावाच्या जागेसाठी आपला रानातला हिस्सा सोडून द्यायच्या कागदावर सही करावी लागली, आणि ती मला सांगत होती की मॅडम, दादाचं तरी झालं.

मला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२१-२२ सालचा आकडा आहे, देशात १०० पुरुष प्राध्यापकांमागं ७७ बायका. २०१४-१५ ला ६३ होत्या. हा आकडा मी आनंदानं वर्गात सांगते. पण सांगताना आता मला त्या ७७ मध्ये पगारी रजेवाल्या किती आणि झोळीवाल्या किती हा प्रश्न पडतो. आणि त्या ७७ कुठल्या खुर्चीवर बसतात हा दुसरा. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची टीम येणार असली की समित्यांचे कागद फिरतात, मी हमखास स्वागत समितीत. गेटवर औक्षण, रांगोळी, शाली-श्रीफळांची तबकं, सगळ्या मॅडम एका रंगाच्या साडीत. अहवालाचं प्रेझेंटेशन सर लोक करतात. एकदा मी सरळ सांगितलं की चौथ्या निकषाचं सगळं लिखाण मी केलंय, तर बोलणार पण मीच. बोलले. काही आभाळ कोसळलं नाही, टीमनं प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. रांगोळी त्या दिवशी पोरांनी काढली आणि छान काढली.

पण झोळीचं तसं नाही. ते एकटीनं ठणकावून सांगण्यानं सुटणारं नाही, कारण जिला सांगायचंय तिची ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघते. कायदा तर आहे. प्रसूती लाभ कायद्यात, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम केलेलं असलं की बाई हक्कदार होते, २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या, म्हणजे रोजंदारीच्या मजूर बायकांना सुद्धा हा लाभ द्यावा लागेल असं सुप्रीम कोर्टानं २००० मध्येच सांगितलं. २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईच्या प्रकरणात तर कोर्टानं सांगितलं की करार मध्येच संपला तरी लाभ पूर्ण मुदतीचा द्यायचा. हे सगळं मी छापून काढलं, खुणा केल्या, आणि त्या मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, हायकोर्टाचं खंडपीठ काही लांब नाही हो, औरंगाबादला जालना रोडलाच आहे. पण तिथली तारीख पडेपर्यंत इथली ऑर्डर दुसऱ्याच्या नावानं निघालेली असती." दर तासाला हजेरी, तासाला पैसे, मग ८० दिवस मोजायचे कसे यावरच पहिली दोन वर्षं वाद चालेल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळलेलं होतं. वर मलाच म्हणाल्या की तुम्ही नका त्रास करून घेऊ.

त्रास करून घ्यायचा नाही तर काय करायचं? कॅपच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना भेटून एक खोली मागितली होती. मिळाली, रेकॉर्डच्या शेजारची, जुन्या उत्तरपत्रिकांच्या वासाची, पण पंखा होता आणि दाराला आतून कडी होती. मागितली म्हणून मिळाली, म्हणजे द्यायला कुणाची ना नव्हती. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहे, मग जिथं शेकडो बायका महिनाभर पेपर तपासतात तिथं तो का नसावा? तेव्हापासून मी आणि आणखी काही जणी मिळून एक निवेदन लिहितोय. प्रत्येक मूल्यांकन केंद्रावर आणि कॉलेजात लेकरासाठी एक खोली आणि पाणी असलेलं, किल्ली मागावी न लागणारं बाथरूम, तासिकेवरच्या बाईचं बाळंतपण झालं तर पुढच्या सत्राची ऑर्डर तिच्याच नावानं आणि मधल्या महिन्यांचे पैसे कायद्यानं जे बसतात ते, आणि बिलं महिन्याच्या महिन्याला. एवढंच आहे, दीड पान.

सह्या गोळा करताना एक गोष्ट झाली. कायम असलेल्या मॅडमनी केल्या, काही सरांनी पण केल्या, एका सरांनी तर पेन परत देताना सांगितलं की माझी मिसेस अकरा वर्षं तासिकेवर आहे. पण तासिकेवरच्या एकीचीही सही त्या कागदावर नाही. मी मागितलीच नाही. ज्यांच्यासाठी कागद आहे त्यांचं नाव त्यावर गेलं की जुलैत त्यांचंच नाव कटणार, मग सही घेऊन मी त्यांचं काय भलं करणार. त्यामुळं आमच्यासारख्या, ज्यांना आता कुणी काढू शकत नाही त्यांच्याच सह्या जास्त पाहिजेत, खूप जास्त. हिंगोलीच्या झाल्यात. पुढच्या आठवड्यात नांदेडला जातेय, तिथल्या दोघी-तिघींशी बोलणं झालंय. लातूरला कुणी ओळखीचं असेल तर कळवा, मी स्वतः कागद घेऊन येईन.